क्रमाची ग्वाही

डहाणू आणि तलासरी तालुक्यांतील अनेक आदिवासी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर किंवा बांधकामांवर रोजगारासाठी स्थलांतर करतात आणि पावसाळ्यापूर्वी पाड्यावर परततात. लहान मुले त्यांच्यासोबतच जातात. जाताना ज्या मुलाचे वजन वयाला साजेसे होते, तेच परतताना तीव्र कुपोषित असू शकते. म्हणून पोषणाच्या कामात प्रत्येक मुलाची शेवटची नोंद कोणती, या प्रश्नाला विलक्षण महत्त्व आहे. ग्राम बाल विकास केंद्रात कोणाला तातडीने घ्यायचे, याचा निर्णय त्या उत्तरावर अवलंबून असतो.

या भागातील एका संस्थेची नोंदप्रणाली मी काही काळ सांभाळत होतो. जुना सर्व्हर बदलून झाल्यानंतरच्या एका बैठकीत तलासरीकडील एका अंगणवाडी सेविकेने छापील यादीवर बोट ठेवले. "भाऊ, हे पोर भट्टीवरून आलं तेव्हा मीच मोजलंय. दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली होता. तुमच्या यादीत ते साधारण कसं?"

संगणकाने कोणतीही त्रुटी दाखवलेली नव्हती. यादी वेळेवर निघत होती, बेरजाही जुळत होत्या. दोष एका एसक्यूएल विधानात होता आणि ते विधान वाचताना निर्दोष भासत होते. आतील सबक्वेरीत सर्व नोंदी ऑर्डर बाय लावून तारखेच्या उतरत्या क्रमाने मांडलेल्या होत्या. बाहेर ग्रुप बायने प्रत्येक मुलामागे एक नोंद घेतली जात होती. वरची नोंद नवी, म्हणून हाती येणारी नोंद नवी, असा त्यामागचा तर्क होता. सबक्वेरी स्वतंत्र चालवली तेव्हा क्रम अचूक आला. संपूर्ण विधान चालवले तेव्हा मात्र अनेक मुलांची सर्वात जुनी नोंद पुढे आली. बागेत आकारानुसार निवडलेले चिकू वखारीत एकाच ढिगात ओतले, तर निवडीचा उपयोग काय?

जुन्या मायएसक्यूएलमध्ये हा तर्क बहुधा फळत असे. नव्या सर्व्हरवर मारियाडीबी होती, आणि ती फ्रॉममधील सबक्वेरीला मर्यादा (लिमिट) घातलेली नसेल तर तिचा ऑर्डर बाय विचारातच घेत नाही. हे तत्त्वाला धरूनच आहे. एडगर कॉड यांनी 1970 मध्ये मांडलेल्या संबंधात्मक प्रतिमानात सारणी हा एक संच आहे आणि संचातील घटकांना क्रम नसतो. क्रमाची हमी मिळते ती केवळ सर्वात बाहेरच्या विधानात मागितलेल्या क्रमाला. मायक्रोसॉफ्टची एसक्यूएल सर्व्हर प्रणाली तर टॉप किंवा ऑफसेटसारखी जोड नसलेला सबक्वेरीतील ऑर्डर बाय सरळ नाकारते. मला हा नकार उपकारक वाटतो. नाकारलेले विधान माणसाला थांबवते. स्वीकारलेले चुकीचे विधान यादी छापून देते.

जुनी यादी वर्षानुवर्षे बरोबर येत होती, हे खरे आहे. परंतु ती बरोबर येईल असे वचन कोणी दिलेले नव्हते. योगायोग दीर्घकाळ टिकला की आपण त्याला नियम समजू लागतो आणि त्याच्या आधारावर दुसऱ्यांची आयुष्ये ठेवतो. येथे त्या आधारावर दोन-तीन वर्षांची मुले होती.

सबक्वेरीत मोठी लिमिट घालून क्रम बळेच टिकवण्याचा उपाय काहींनी सुचवला. मला तो मान्य नव्हता, कारण ग्रुप बायने वरचीच नोंद उचलावी असे बंधन त्यानंतरही निर्माण होत नाही. एका योगायोगाच्या जागी दुसरा योगायोग बसवणे म्हणजे दुरुस्ती नव्हे. रो नंबर या विंडो फंक्शनने प्रत्येक मुलाच्या नोंदींना स्वतंत्र अनुक्रमांक द्यावा आणि पहिल्या क्रमांकाचीच नोंद घ्यावी, हा सरळ मार्ग. मारियाडीबीत तो 10.2 पासून आणि मायएसक्यूएलमध्ये 2018 च्या 8.0 आवृत्तीपासून उपलब्ध आहे.

अवघड भाग मात्र पुढेच होता. क्रम स्पष्ट लिहायचा, तर तो कशाचा हे आधी कोणाला तरी ठाऊक असावे लागते. नेटवर्क नसलेल्या पाड्यांवरील वजने प्रथम वहीत उतरतात आणि संगणकात कित्येक दिवसांनी येतात. त्यामुळे शेवटी भरलेली नोंद ही शेवटची मोजणी असेलच असे नाही. एकाच दिवशी अंगणवाडीत आणि आरोग्य शिबिरात अशी दोनदा मोजणी झाली, तर ग्राह्य कोणती? हा प्रश्न तंत्रज्ञाने एकट्याने सोडवण्याचा नाही. सेविकांशी बोलून आम्ही ठरवले की मोजणीची तारीख प्रमाण मानावी आणि एकाच दिवशी दोन नोंदी असतील तर अधिक चिंताजनक नोंद पुढे घ्यावी. हा निर्णय विधानात शब्दशः लिहिला गेला. तो तेथे आधीपासून असायला हवा होता.

आरोग्य, शिधावाटप, वनहक्क अशा कामांच्या याद्या जे तयार करतात, त्यांना माझी विनंती आहे. सर्व्हर किंवा त्याची आवृत्ती बदलली की सबक्वेरीतील प्रत्येक ऑर्डर बाय शोधून तपासा. त्यानंतर काही मुलांची नावे घेऊन पाड्यावर जा आणि तुमची यादी सेविकेच्या वहीशी ताडून पाहा. दोहोंत फरक आढळला, तर आधी वहीवर विश्वास ठेवा.