विवाहाचें पावित्र्य : बंधन कोणावर?

गेल्या वैशाखांत मुळशी तालुक्यांतील एका गांवीं लग्नाला जाण्याचा योग आला. आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या बहिणीचें लग्न होतें. पिरंगूट आणि पौड मागें टाकून, तलावाच्या कडेनें ताम्हिणीकडे जाणाऱ्या रस्त्यालगत हें गांव आहे. ज्या सत्याग्रहानें पांडुरंग महादेव बापटांना ‘सेनापति’ हें नांव मिळवून दिलें, तो १९२१ सालीं याच खोऱ्यांत सुरू झाला. धरण झालें तें झालेंच. ज्यांचीं घरें पाण्याखालीं गेलीं त्यांपैकीं कांहीं कुळें डोंगराच्या उतारावर सरकून राहिलीं. यजमानांचें कूळ त्यांतलेंच. सकाळीं देवक बसलें, हळद लागली. मुहूर्तावर अंतरपाट दूर झाला, अक्षता पडल्या. आणि मग हल्लींच्या वहिवाटीप्रमाणें एका पाहुण्यांचें आशीर्वादपर भाषण झालें. ‘आपल्याकडे विवाह हा करार नाहीं, संस्कार आहे, ही गांठ देवानें बांधलेली, ती तुटत नाहीं,’ असें ते म्हणाले. मंडळींनीं टाळ्या वाजविल्या. आम्हींहि वाजविल्या.

ओटीवर आमच्या शेजारीं यजमानांची एक वृद्ध चुलती बसली होती. तिनें टाळी वाजविली नाहीं. ती हळूच म्हणाली, ‘तुटत न्हाई म्हणं! माझी तुटली की, मास्तर.’ मग तुकड्यातुकड्यांनीं तिनें आपली हकीकत सांगितली. पंधराव्या वर्षीं वाजतगाजत झालेलें लग्न, नवऱ्याची मारहाण, त्यानें कायद्याला न जुमानतां घरांत आणलेली दुसरी बायको, अखेर पंचांसमोर झालेली काडीमोड. पुढें एका बिजवराशीं तिचा पाट लागला. ‘पाट रातच्याला लावला. वाजंत्री न्हाई, मंगळाष्टका न्हाईत. चार मानसं अन् एक दिवा. पर त्या मानसानं माज्यावर कंदी हात उचलला न्हाई.’ त्या माणसाच्या अंगावरून वारें गेल्यास आज नऊ वर्षें झालीं. बोलतां बोलतां ती उठली, आणि आंतल्या खोलींत जाऊन त्याला भरवून आली. सकाळीं हळदीसाठीं सवाष्णींना बोलावणीं गेलीं, तेव्हां हिला मात्र कोणी हांक मारली नव्हती. पाटाची बायको हळदीला चालत नाहीं, असा त्या घराचा रिवाज!

परतीच्या वाटेवर आमच्या मनांत एकच प्रश्न घोळत राहिला. या बाईच्या दोन विवाहांपैकीं पवित्र कोणता? ज्याला अग्नि, ब्राह्मण आणि वाजंत्री साक्षी होतीं तो, कीं ज्याला चार माणसें आणि एक दिवा साक्षी होता तो?

हा प्रश्न केवळ तात्त्विक असता तर आम्ही लिहावयास बसलों नसतों. पंधरा वर्षांपूर्वीं आमची एक पुतणी सासर सोडून आमच्या घरीं आली होती. तिच्या अंगावर व्रण नव्हते; परंतु त्या घरांत आपण माणूस म्हणून मोजलेंच जात नाहीं, असें ती सांगत होती. घरांतला शिकलेला वडील माणूस म्हणून तिच्याशीं बोलण्याचें काम आमच्याकडे आलें. आम्हीं तिला सप्तपदीचा अर्थ सांगितला, विवाह हा संस्कार आहे असें सांगितलें, आणि आठ दिवसांनीं तिला परत पोंचविलें. आज आठवतें तें असें कीं, त्या आठ दिवसांत तिच्या नवऱ्याला सप्तपदीचा अर्थ सांगावा असें आमच्या एकदांहि मनांत आलें नाहीं. पावित्र्याचें सारें व्याख्यान आम्हीं जी रडत होती तिलाच ऐकविलें.

विवाह पवित्र आहे, असें बहुतेक सर्व धर्म सांगतात. परंतु तें पावित्र्य कोठें वसतें, हें जरा बारकाईनें पाहिलें पाहिजे. आपल्याकडे विवाह हा संस्कार. पाणिग्रहण आणि सप्तपदी हा त्याचा गाभा, आणि सातव्या पावलावर वधूवरांचें नातें सख्याचें होतें. ख्रिस्ती धर्मांतील कॅथलिक पंथ विवाहाला आपल्या सात संस्कारांपैकीं एक मानतो आणि तो अविच्छेद्य समजतो. परंतु त्याच पंथाच्या पाश्चात्य परंपरेंत लग्न लावणारा पाद्री नसून खुद्द वधूवरच असतात. पाद्री हा साक्षीदार. १५६३ सालीं ट्रेंटच्या धर्मपरिषदेनें पाद्री आणि साक्षीदार आवश्यक ठरविले. तोंपर्यंत दोघांनीं एकमेकांस दिलेला शब्द एवढ्यानेंहि विवाह पुरा होत असे. इस्लामांत निकाह हा करार होय. ईजाब आणि कबूल झाल्यावांचून, म्हणजे एकानें मागितल्यावांचून आणि दुसऱ्यानें रुकार दिल्यावांचून, तो होत नाहीं. तरीहि कुराणांत या कराराला दृढ वचन म्हटलें आहे. तेव्हां संस्कार आणि करार यांत आपण जी भिंत उभी करतों ती दिसते तितकी उंच नाहीं. धर्म कोणताहि असो, विधीच्या मध्यभागीं दोन माणसांचा शब्द आहे. पावित्र्य आहे तें त्या शब्दाचें.

मात्र त्या शब्दाचें ओझें दोघांवर सारखें कधींच पडलें नाहीं, हेंहि सर्व धर्मांत सारखेंच. हिंदु पुरुषाला एकीवर दुसरी करण्यास मुंबई इलाख्यांत १९४६ पर्यंत कायद्याची आडकाठी नव्हती. आपल्या देशांतील मुसलमान पुरुषाचा एका दमांत तीन तलाक देण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयानें रद्द ठरविला तो २०१७ सालीं. त्याविरुद्ध हमीद दलवाईंनीं सात मुसलमान स्त्रियांचा मोर्चा मुंबईंत १९६६ सालींच नेला होता. आणि इंग्लंडांत १८५७ च्या कायद्यानें घटस्फोट मिळूं लागला, तेव्हां नवऱ्याला बायकोचा व्यभिचार सिद्ध करणें पुरेसें होतें. बायकोला मात्र व्यभिचाराच्या जोडीला क्रौर्यासारखा आणखी एक अपराध दाखवावा लागे. ही विषमता १९२३ पर्यंत टिकली. गांठ दोघांची, पण तिचा काच एकीलाच.

या विषयावरील आपल्याकडील सर्वांत बोलका खटला रखमाबाईचा. वयाच्या अकराव्या वर्षीं तिचें लग्न दादाजी भिकाजी याच्याशीं झालें. ती सासरीं नांदावयास कधींच गेली नाहीं. १८८४ सालीं दादाजीनें मुंबईच्या हायकोर्टांत दावा लावला, कीं बायकोला माझ्या घरीं पाठवावें. १८८५ सालीं न्यायमूर्ति पिन्हे यांनीं तो फेटाळला. त्यांनीं दाखविलेली गोष्ट मोठी मार्मिक होती. ज्या हक्काचा येथें हिंदु धर्म म्हणून पुकारा चालला होता, तो हिंदु धर्मशास्त्रांतला नव्हताच. तो इंग्लंडच्या चर्चच्या न्यायालयांतून येथें आला होता. तोच हक्क १८६७ सालीं प्रिव्ही कौन्सिलनें एका मुसलमान पतीच्या दाव्यांत मान्य केला होता. म्हणजे शस्त्र ख्रिस्ती चर्चचें. तें कधीं मुसलमान स्त्रीवर चालविलें जाई, तर कधीं हिंदु स्त्रीवर, आणि प्रत्येक वेळीं नांव घेतलें जाई तें त्या त्या धर्माच्या पावित्र्याचें!

पिन्हे यांचा निकाल अपिलांत टिकला नाहीं. ४ मार्च १८८७ रोजीं न्यायमूर्ति फॅरन यांनीं हुकूम केला, कीं रखमाबाईनें एका महिन्याच्या आंत नवऱ्याकडे जावें, नाहीं तर सहा महिने तुरुंगांत जावें. नवल हें, कीं असल्या हुकुमासाठीं तुरुंगांत घालण्याची शिक्षा खुद्द इंग्लंडनें १८८४ सालींच काढून टाकली होती. आपण तुरुंग पत्करूं, असें रखमाबाईनें कळविलें. लोकमान्य टिळकांसारख्या पुढाऱ्यांनीं तिच्या बाजूला कडाडून विरोध केला. धर्म बुडाला, अशी हाकाटी झाली. अखेर १८८८ सालीं दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. दादाजीला दुसरें लग्न करण्याची मोकळीक कायद्यानें होतीच. रखमाबाईला ती नव्हती. ती विलायतेस जाऊन डॉक्टर झाली, सुरत आणि राजकोट येथें तिनें आयुष्यभर स्त्रियांची शुश्रूषा केली, आणि १९५५ सालीं वारली. आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. रखमाबाईच्या आईनें विधवा झाल्यावर डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशीं पुनर्विवाह केला होता; त्यांच्या सुतार ज्ञातींत त्याला मज्जाव नव्हता. मुळशीच्या त्या आजीच्या पाटाला मज्जाव नव्हता, तसाच. गांठ तुटल्यावर माणसानें कसें जगावें याची सोय ज्यांना आपण अडाणी म्हणतों त्यांनीं केव्हांच करून ठेविली होती. आर्थर स्टील या इंग्रज अधिकाऱ्यानें दख्खनच्या जातिजातींच्या चालीरीतींचें जें पुस्तक १८२७ सालीं प्रसिद्ध केलें, त्यांत या सोयींची नोंद सांपडते. १९५५ च्या हिंदु विवाह कायद्यानेंहि रूढीनें चालत आलेला घटस्फोट राखून ठेविला आहे.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो हलका नाहीं. जो शब्द मन फिरतांच मागें घेतां येतो तो शब्द कसला? उद्यां आपलें मन बदलेल हें माणसाला ठाऊक असतें. म्हणूनच तो शपथ घेतो. सुखाच्या दिवसांसाठीं शपथ लागत नाहीं. ती आजारपण, दारिद्र्य आणि कंटाळा यांच्यासाठीं असते. हें सर्व आम्हांस मान्य आहे. किंबहुना, नऊ वर्षें अंथरुणाला खिळलेल्या नवऱ्याला जी घास भरविते, तिच्याइतका शपथेचा अर्थ आम्हांला पुस्तकांतून कधीं कळला नाहीं.

परंतु याच ठिकाणीं एक भेद केला पाहिजे. शपथ बांधते ती घेणाऱ्याला. ‘मी तुला सोडणार नाहीं’ हें वचन पवित्र आहे. ‘तूं मला सोडतां कामा नये’ ही नुसती मागणी आहे. पहिल्या वाक्यांत माणूस स्वतःला बांधून घेतो, दुसऱ्यांत तो दुसऱ्याला बांधूं पाहतो. व्याकरणांत हा पुरुषभेद केवळ क्रियापदाचें रूप बदलतो. नीतींत तो सर्व कांहीं बदलतो. आपल्या व्रताचा उपास आपण करावा; शेजाऱ्याला उपाशी ठेवून आपल्या पदरीं पुण्य पडत नाहीं. विवाहाच्या पावित्र्याचेंहि तेंच आहे. स्वतःवर लावलें तर तें व्रत, दुसऱ्यावर लादलें तर तो केवळ अंमल होय. जोतीराव फुल्यांना हें उमगलें होतें. १८७३ पासून सत्यशोधक पद्धतीचीं लग्नें होऊं लागलीं. त्यांच्यासाठीं जोतीरावांनीं रचलेल्या मंगलाष्टकांत वधू भर मांडवांत वराला स्त्रियांच्या हक्कांविषयीं विचारते, आणि तो ते देण्याची शपथ घेतो. ज्याच्या हातीं बळ आहे त्यानें आधीं स्वतःला बांधून घ्यावें, हा त्यांतला अर्थ.

कायद्याला मात्र हा भेद अजून पुरता मानवलेला नाहीं. नांदावयास येण्याच्या हुकुमामागची तुरुंगाची शिक्षा आपल्याकडे १९२३ सालीं गेली. इंग्लंडनें तो दावाच १९७० च्या कायद्यानें रद्द केला. परंतु आपल्या १९५५ च्या कायद्याच्या नवव्या कलमांत तो अद्याप आहे. १९८३ सालीं आंध्र प्रदेशच्या उच्च न्यायालयानें तें कलम घटनाबाह्य ठरविलें. पुढच्याच वर्षीं सर्वोच्च न्यायालयानें, त्यानें विवाह टिकण्यास मदत होते, असें म्हणून तें उचलून धरलें. हा दावा आज नवरा किंवा बायको कोणीहि लावूं शकतें, हें खरें. तरीहि आम्ही नम्रपणें विचारतों, कीं जप्तीच्या भयानें एका छपराखालीं आणलेल्या दोघांत टिकतो तो विवाह, कीं केवळ त्याचा दाखला? कायद्यानें पोटगी द्यावी, मुलांची व्यवस्था लावावी, फसवणूक झाली तर शासन करावें. तें त्याचें कामच आहे. पावित्र्याची वसुली करणें हें बेलिफाचें काम नव्हे.

मुळशीच्या आजीच्या दोन विवाहांपैकीं पवित्र कोणता, याविषयीं आतां आमच्या मनांत संशय उरलेला नाहीं. राहिला आहे तो आमचा स्वतःचा हिशेब. पुतणी अजून त्याच घरीं आहे. तिचें बरें चाललें आहे, असें लोक म्हणतात. तिला आम्हीं कधीं विचारलें नाहीं. दिवाळीला ती येईल. त्या वेळीं तिच्यासमोर बसून, त्या दिवशीं आम्ही चुकलों होतों, एवढें सांगण्याचा आमचा निश्चय आहे. आणि तिच्या नवऱ्यालाहि सप्तपदीचा अर्थ ऐकवावयाचा आहे. त्याला पंधरा वर्षें उशीर झाला, ही लाज सर्वस्वी आमची.