एक शिक्षक वजा होताना

युनेस्कोची सांख्यिकी संस्था देशोदेशींच्या शिक्षण खात्यांकडून नियमितपणे माहिती मागवते. त्यातल्या एका रकान्यात उच्च माध्यमिक वर्गांना शिकवणाऱ्या पुरुष शिक्षकांची संख्या भरायची असते. भारताचा आकडा लाखांत जातो. तुवालूचे मात्र सगळे शिक्षक एका खोलीत बसतील. दोन्ही आकडे एकाच रकान्यात छापलेले असल्यामुळे ते एकाच जातीचे आहेत, असे आपण धरून चालतो. पण भारताचा आकडा समूहाचा कल सांगतो, तर तुवालूचा आकडा हा हजेरीपट असतो. हजेरीपट वाचताना सरासरी काढायची नसते. कोण हजर आहे आणि कोण नाही, हे पाहायचे असते.

तुवालू हा पॅसिफिक महासागरातला नऊ बेटांचा देश. एकूण जमीन 26 चौरस किलोमीटर, लोकसंख्या अकरा हजारांच्या आसपास, स्वातंत्र्य 1978 सालचे. माध्यमिक शिक्षणाचा भार मुख्यतः दोन शाळांवर आहे : वैतुपू बेटावरची मोटुफोआ ही सरकारी निवासी शाळा आणि राजधानी फुनाफुतीतली फेतुवालू ही चर्चची शाळा.

समजा, अशा देशात उच्च माध्यमिक स्तरावर वीस पुरुष शिक्षक आहेत. एक जण पुढच्या शिक्षणासाठी फिजीतल्या सुवाला गेला, दुसरा कुटुंबासह न्यूझीलंडला स्थायिक झाला. तक्त्यात दहा टक्क्यांची घट दिसेल. मोठ्या देशात एवढी घट म्हणजे धोरणाचे अपयश. इथे ती दोन घरांतल्या दोन निर्णयांची बेरीज आहे. याच्या उलटही घडू शकते. भौतिकशास्त्राचा शिक्षक गेला आणि त्याच वर्षी इतिहासाचा नवा शिक्षक रुजू झाला, तर तक्ता वीसच दाखवेल. पण देशातल्या निम्म्या मुलांचे भौतिकशास्त्र त्या वर्षी अडेल. आपल्याकडे एका गावातला शिक्षक गेला, तर शेजारच्या तालुक्यात दुसरा सापडतो. तुवालूचा शेजारचा तालुका म्हणजे समुद्रापलीकडे हजारेक किलोमीटरवरचे फिजी.

शिवाय निवासी शाळेत शिक्षकाचे काम तासाच्या घंटेबरोबर संपत नाही. मोटुफोआत वेगवेगळ्या बेटांवरची मुले आईवडिलांपासून दूर राहून शिकतात. त्यांच्या आजारपणाची आणि रात्रीच्या सुरक्षिततेची जबाबदारी तिथल्या मोठ्या माणसांवर असते. मार्च 2000 मध्ये या शाळेतल्या मुलींच्या वसतिगृहाला रात्री आग लागली. अठरा मुली आणि त्यांची देखभाल करणारी अधीक्षिका मृत्युमुखी पडल्या. एवढ्याशा देशात त्या दुःखापासून लांब राहिलेले घर शोधूनही सापडले नसेल. त्यामुळे शाळेत किती मोठी माणसे आहेत, हा प्रश्न तिथे केवळ अध्यापनाचा उरत नाही.

मग पुरुष शिक्षक वेगळे मोजायचे कशासाठी? पुरुष शिकवतात म्हणून मुलग्यांना जास्त गुण मिळतात, असे संशोधनाने ठामपणे सिद्ध केलेले नाही, आणि माझाही तसा दावा नाही. माझा मुद्दा वेगळा आहे. तुवालूच्या पुरुषांना कित्येक वर्षे समुद्राने रोजगार दिला. अमातुकू या छोट्या बेटावरच्या सागरी प्रशिक्षण केंद्रातून तरुण बाहेर पडत, परदेशी मालवाहू जहाजांवर खलाशी होत आणि घरी पैसे पाठवत. 2008 च्या आर्थिक मंदीनंतर ही कामे झपाट्याने कमी झाली. बापाचा मार्ग अरुंद झाल्यावर मुलाने कोणाकडे पाहायचे? पुस्तक, प्रयोगशाळा आणि गणित यांच्या आधाराने सन्मानाने जगणारा, आपल्याच बेटावरचा पुरुष त्याला रोज दिसला पाहिजे. मुलींना शिक्षिका दिसणे जितके मोलाचे, तितकेच हेही.

अडचण अशी की, ज्या पदवीमुळे माणूस शिक्षक होतो, त्याच पदवीमुळे त्याला देश सोडता येतो. ऑस्ट्रेलियाबरोबर 2023 मध्ये झालेल्या करारानुसार दरवर्षी 280 तुवालूवासीयांना तिथे कायम राहण्याची वाट खुली झाली. या जागांच्या 2025 मधल्या पहिल्याच सोडतीसाठी कुटुंबीयांसह आठ हजारांहून अधिक जणांची नावे नोंदली गेली. वाढत्या समुद्रपातळीच्या छायेत आपल्या लेकरांचे भवितव्य शोधणाऱ्या शिक्षकाला दोष देण्याचा अधिकार कोणालाही नाही.

म्हणून निव्वळ डोकी मोजून भागणार नाही. कोणत्या विषयाला किती शिक्षक आहेत, ते किती वर्षे टिकले आणि एक गेला तर त्याच्या जागी कोण तयार आहे, हे नोंदवले पाहिजे. एकट्या तुवालूला प्रत्येक विषयाची राखीव फळी उभी करणे शक्य नाही. ती प्रादेशिक पातळीवरच उभी राहू शकते, आणि तिचा नमुना समोर आहे. 1968 मध्ये स्थापन झालेले दक्षिण पॅसिफिक विद्यापीठ बारा बेट-देशांच्या सामायिक मालकीचे आहे. विद्यापीठ सामायिक असू शकते, तर बारावीच्या तोडीच्या वर्गांसाठी भौतिकशास्त्राचे शिक्षकही सामायिक असू शकतात.

तुवालूने 2023 मध्ये राज्यघटनेत दुरुस्ती करून, जमीन बुडाली तरी आपले राष्ट्र कायम राहील, असे जाहीर केले. ही घोषणा धीराची आहे. पण तिला अर्थ येण्यासाठी माणसे लागतील. समुद्री हद्दीचा दावा मांडणारे वकील, भरतीच्या नोंदी वाचणारे शास्त्रज्ञ, करारांतली कलमे तपासणारे अधिकारी. ते सगळे आज या दोन शाळांच्या वरच्या वर्गांत बसलेले असतील किंवा कुठेच नसतील. समुद्राशी चाललेल्या या लढ्यात जगाकडून तुवालूला भिंती आणि भराव यांसाठी निधी मिळतो, तो मिळायलाच हवा. त्याच यादीत शिक्षकांच्या पगाराचे आणि घरांचे कलमही असले पाहिजे, कारण देश वाचवणारी माणसे तेच घडवणार आहेत.