ईयोबाची सहनशीलता

पुत्रशोकानें व्याकुळ झालेल्या एका स्नेह्यास आम्हीं एकदां ‘ईश्वरेच्छा! धीर धरा’ असें म्हटलें. त्यानें आमच्याकडे ज्या दृष्टीनें पाहिलें, ती आम्ही विसरलों नाहीं. ईयोबाचा ग्रंथ वाचतांना ती पुन्हां आठवते.

नव्या करारांत याकोबाच्या पत्रानें ईयोबाची सहनशीलता वाखाणली आहे. परंतु जुन्या करारांतील ४२ अध्यायांच्या मूळ ग्रंथांत हा सोशिक ईयोब दुसऱ्या अध्यायाअखेरच दिसेनासा होतो. तिसऱ्यांत तो आपल्या जन्मदिवसास शाप देतो, आणि पुढें प्रत्यक्ष ईश्वराकडे न्याय मागतो. तिघे मित्र सात दिवस त्याच्याजवळ मुकाट बसले, तोंवर मित्र होते. तोंड उघडतांच ते ईश्वराचे वकील झाले. (आमचीही गणना त्यांतच!) ईश्वर वावटळींतून ईयोबासही खडसावतो खरा, पण आपल्याविषयीं यथार्थ बोलला तो ईयोब, हे मित्र नव्हेत, असा निर्वाळाही देतो.

मग याकोब चुकला काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. ईश्वराला शिव्याशाप देऊन मोकळें व्हावें, हा पत्नीचा सल्ला ईयोबानें झिडकारला. तो भांडला, पण ईश्वराशींच भांडला. त्याच्याकडे पाठ फिरवून गेला नाहीं. यालाच आम्ही सहनशीलता म्हणूं. राहिले ते मित्र. त्यांना क्षमा मिळाली, तीही ईयोबानें त्यांच्यासाठीं प्रार्थना केल्यावर.