जवळ बसून बघणारा

संध्याकाळी सातच्या सुमारास घाटकोपरच्या अंगाला आकाशात दिवे लागतात. एकामागे एक, चार-पाच, एकाच दोऱ्यात ओवल्यासारखे. सगळ्यात पुढचा ठळक, सगळ्यात मागचा चांदणीएवढा. बराच वेळ ते हलतच नाहीत, कारण विमान सरळ आपल्याच रोखाने येत असतं. नुसता उजेड वाढत जातो. मग एकाएकी ते बाजूने दिसतं, पंख, शेपटी, खिडक्यांची रांग, आणि जरीमरीच्या पत्र्यांवरून डावीकडे सरकत रनवेवर टेकतं. चौथ्या मजल्यावरची ही बाल्कनी भाड्याची आहे. तीन फूट रुंद, एक तुळस, एक प्लास्टिकची खुर्ची. तिथे मी रोज दोन तास तरी असतो.

बेस्टमध्ये मी ३१ वर्षं ड्रायव्हर होतो, २०२० मध्ये निवृत्त झालो. २०२३ मध्ये आमची जुनी इमारत रिडेव्हलपमेंटसाठी रिकामी केली आणि आम्ही दोघं नवरा-बायको कुर्ला पश्चिमेला या जागेत आलो. अकरा महिन्यांचा करार. तिसरा चालू आहे. विमानं उतरायच्या वाटेखाली इमारतींच्या उंचीवर बंधन असतं. त्या पट्ट्याला फनेल झोन म्हणतात. आमच्या नव्या इमारतीचे कागद तिथेच अडकलेत. बिल्डर फोन उचलत नाही, भाड्याचे पैसे दोन-दोन महिने उशिरा टाकतो. म्हणजे ज्या वाटेपायी माझं घर अडलं, तीच वाट मी रोज बघत बसतो. सुरुवातीला विमानांचा राग राग करून पाहिला. टिकला नाही.

ड्रायव्हर असल्यामुळे माझी नजर आधी चाकांकडे जाते. आपल्याकडे जास्त दिसणाऱ्या एअरबस ३२० ला पंखांखाली प्रत्येक बाजूला दोन चाकं, ड्रीमलायनरला चार, बोइंग ७७७ ला सहा. ही चाकं हवेत असताना फिरत नसतात. ताशी अडीचशे किलोमीटरच्या आसपास वेगाने ती जमिनीला लागतात आणि त्या क्षणी त्यांना तेवढंच फिरावं लागतं. रबर घासतं, पांढरा धूर निघतो. तो धूर दिसेपर्यंत मी श्वास रोखून असतो हे मला पुष्कळ दिवस कळलंही नव्हतं.

बाकीचं हळूहळू समजत गेलं. आमच्या बाजूच्या रनवेला २७ म्हणतात, कारण त्याचं तोंड होकायंत्रावर २७० अंशांच्या आसपास, म्हणजे पश्चिमेला आहे. समुद्रावरून वारा येतो आणि विमान वाऱ्याला सामोरं जाऊन उतरतं. मुंबईचे दोन रनवे एकमेकांना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच चालवता येतो, आणि त्या एकावर २०१८ मध्ये एका दिवसात हजाराहून जास्त विमानांची ये-जा झाली होती. निघणारी विमानंही माझ्या समोरच्याच टोकाला येऊन उभी राहतात. परवानगी आल्याशिवाय जागची हलत नाहीत. ते बघताना माझा डावा पाय आपोआप दाबला जातो. कंडक्टरची डबल बेल वाजेपर्यंत क्लच सोडायचा नाही, ही ३१ वर्षांची सवय.

दुसरीही एक सवय उरली आहे. डेपोतून गाडी काढताना मी आधी ब्रेक तपासायचो, मग स्टेअरिंगला हात लावून विठ्ठलाचं नाव घ्यायचो. क्रम कधी उलटा केला नाही. इथे बाल्कनीत विमान टेकायच्या बेताला आलं की तेच नाव तोंडात येतं. गेल्या वर्षी भाचा राहायला आला होता, इंजिनिअर आहे. त्याने दोन दिवस पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी विचारलं, “मामा, तुम्ही इथून विठ्ठल म्हणता, त्याने त्या विमानाचं काय होतं?” पोराने मनापासून विचारलं होतं. मी म्हटलं, “काही होत नाही.” तो गेला, प्रश्न राहिला.

आमच्या मंडळात दर गुरुवारी ज्ञानेश्वरी वाचतो. बुवा निवृत्त शिक्षक आहेत, अर्थ फार नेमका सांगतात. त्यांच्यापुढे मी हे मांडलं. त्यांनी नवव्या अध्यायातला दिवा सांगितला. घरात दिवा लावलेला असतो, तो कुणाला काही कर म्हणत नाही, कुणाला अडवत नाही. त्याच्या उजेडात घरचे सगळे व्यवहार चालतात आणि त्याला त्यातलं काही लागत नाही. साक्षी म्हणजे तसा. “बघा, पण गुंतू नका,” बुवा म्हणाले, “प्रत्येक विमानामागे जीव टाकलात तर तो साक्षीभाव नव्हे, ती काळजी झाली.” मला ते पटलं. महिनाभर तसं बघून पाहिलं. नाव घेतलं नाही, श्वास रोखला नाही. विमानं येत होती, टेकत होती. हात मात्र रिकामे वाटायचे.

मग १२ जून २०२५ आला. अहमदाबादहून लंडनला निघालेलं ड्रीमलायनर मिनिटभरात एका मेडिकल कॉलेजच्या वसतिगृहावर कोसळलं. विमानातल्या २४२ जणांपैकी २४१ गेले, खाली जेवायला बसलेली मुलं गेली. क्रूमधली कितीतरी माणसं आपल्या इकडची होती, मुंबईची, डोंबिवलीची, बदलापूरची. टीव्हीवर जी चित्रफीत पुन्हा पुन्हा दाखवत होते ती विमानतळाजवळच्या एका गच्चीवरून एका कोवळ्या मुलाने काढलेली होती. त्याला विमानं आवडायची म्हणून तो मोबाइल धरून उभा होता. मला रात्रभर तो मुलगा डोळ्यांसमोर. काहीच करायच्या हेतूने तो तिथे नव्हता, नुसता बघत होता. त्याला काही लागलं नाही असं कोणता शास्त्री म्हणू शकेल?

त्यानंतर चार दिवस मी बाल्कनीचं दार उघडलं नाही. आवाज तर येतच होते. पाचव्या दिवशी पहाटे पडल्या पडल्या मला २००५ ची रात्र आठवली, आणि इतकी वर्षं ती या प्रश्नाला जोडून का पाहिली नाही याचं नवल वाटलं.

२६ जुलै २००५. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. माझी डबल डेकर कलिन्याच्या अलीकडे सीएसटी रोडवर चारच्या सुमारास बंद पडली. मिठीचं पाणी रस्त्यावर आलेलं. सहापर्यंत खालच्या सीटा बुडाल्या आणि मी, कंडक्टर आणि पन्नासएक माणसं वरच्या मजल्यावर गेलो. वीज गेलेली, मोबाइल मुके. काळोखात खालून पाण्याचा आवाज आणि मधूनच काहीतरी गाडीच्या पत्र्याला धडकल्याचा. रस्त्याच्या पलीकडे एका दुमजली घराची गॅलरी होती. तिथे कुणीतरी कंदील आणून ठेवला. आम्हाला वाटलं, ठेवून आत जाईल. गेलं नाही. कंदिलाच्या मागे माणूस बसून होता. मधे तीस फूट पाणी, दोरी टाकावी म्हटलं तरी पोचणार नव्हती. त्यांना आमच्यासाठी काहीही करता येत नव्हतं. दर थोड्या वेळाने काजळी झाली की काच काढून पुसायची, वात वर करायची, पुन्हा बसायचं. एकदा वात वर करताना हातातल्या हिरव्या बांगड्या दिसल्या, म्हणून कळलं की बाई आहे. चेहरा दिसला नाही. आमच्यात कुणी रडायला लागलं की दुसरं कुणी म्हणायचं, “ती बघ, बसलीय अजून.” बस्स, तेवढंच. उजाडलं तेव्हा पाणी कमरेपर्यंत उतरलं होतं आणि गॅलरीत कंदील विझलेला होता. पुढे त्या रस्त्याने कित्येक वेळा गाडी नेली. ती गॅलरी काही मला ओळखता आली नाही.

तोही दिवाच होता. त्याने पाणी अडवलं नाही, आम्हाला काही कर म्हटलं नाही, त्याच्यामुळे पूर बोटभर ओसरला नाही. बुवांच्या सगळ्या अटी त्याने पाळल्या. पण त्या रात्री त्याला कुणी अलिप्त म्हटलं असतं तर मी भांडलो असतो.

पुढच्या गुरुवारी बुवांना हे सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग गीतेच्या तेराव्या अध्यायातला एक शब्द काढून दाखवला: उपद्रष्टा. देहात राहून बघणाऱ्या परमपुरुषाला दिलेलं हे नाव. द्रष्टा म्हणजे बघणारा, आणि ‘उप’ म्हणजे जवळ. लांबून बघणारा नाही, शेजारी बसून बघणारा. त्याच श्लोकात त्याला लागलीच अनुमंता म्हटलंय, भर्ता म्हटलंय, म्हणजे संमती देणारा आणि सांभाळणारा. “तरी तो लिप्त होत नाही, हेही त्याच अध्यायात आहे,” बुवांनी बजावलं. असेल. ते परमात्म्याचं झालं. मी कुर्ल्याच्या चौथ्या मजल्यावरचा माणूस आहे, मला लागतं, आणि लागू नये असं मला आता वाटतही नाही. त्या कंदिलात तेलसुद्धा त्या घरचंच जळत होतं.

भाच्याचा प्रश्न मात्र एवढ्याने सुटत नाही. त्याला मी फोनवर कंदिलाची गोष्ट सांगितली तेव्हा तो लगेच म्हणाला, “पण मामा, तुम्हाला ती बाई दिसत होती. विमानातल्यांना तुम्ही कुठे दिसता?” बरोबर आहे. मी कंदील लावला तरी दिसणार नाही. यावर मी बरेच दिवस घालवले. आमच्या गाडीत त्या रात्री पाचएक वर्षांची एक मुलगी होती, आईच्या मांडीवर. नऊच्या आधीच झोपली ती थेट उजाडल्यावर उठली. तिने ना कंदील पाहिला ना बांगड्या. आता पंचविशीची असेल, तिला त्यातलं काही ठाऊक नसणार. मग ती बाई तिच्यासाठी बसली नव्हती का? मला विचाराल तर जागे होतो त्या आमच्याइतकीच ती तिच्यासाठीही बसली होती. बसणारीला कोण जागं, कोण झोपलेलं, काय कळत होतं?

विमान पडू नये म्हणून मी नाव घेत नाही. विमान पायलट उतरवतो, टॉवरमधली माणसं उतरवतात, रात्री चाकांखाली उकिडवा बसलेला मेकॅनिक उतरवतो. ब्रेक न तपासता देवाचं नाव घेणाऱ्या ड्रायव्हरच्या गाडीत मी स्वतः बसलो नसतो. आणि अहमदाबादच्या त्या विमानात बसलेल्यांसाठी कुणी हात जोडले नसतील असं थोडंच आहे? आयांनी निघताना हातावर दही ठेवलंच असेल. वाचायचं-न वाचायचं त्या दह्यावर नसतं, हे आयांनाही कळतं; तरी त्या ठेवतात. दीडशे अनोळखी जीव माझ्या डोक्यावरून खाली येतात, जमिनीला लागण्याच्या त्या क्षणी कुणी जवळ बसून बघावं, इतकंच मला त्यांचं देणं वाटतं.

पावसाळ्याआधी मे महिन्यात एक दिवस दोन्ही रनवे डागडुजीसाठी सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच बंद ठेवतात. अशाच एका दिवशी जेवताना ही म्हणाली होती, “शेजारी गावाला गेल्यासारखं वाटतंय.” तिच्या तोंडून मी हे ऐकेन असं वाटलं नव्हतं. बाल्कनीत ती फक्त तुळशीला पाणी घालायला आणि कपडे काढायला येते. विमानांचा तिला जाच होतो, मालिकेतलं निम्मं बोलणं ऐकू येत नाही. मी नोकरीत होतो तेव्हा शेवटची पाळी संपवून घरी येईपर्यंत ती जागी असायची, पण त्याबद्दल कधी बोलली नाही.

गेल्या श्रावणातली एक संध्याकाळ. पावसाने घाटकोपर पुसून टाकलेलं, दिवे दिसत नव्हते. एकदम ढगातून विमान बाहेर आलं, नेहमीपेक्षा डुलत. चाकं खाली होती. रनवे आला, आणि टेकायच्या ऐवजी नाक वर करून ते गरजत पुन्हा ढगात शिरलं. खिडक्यांच्या काचा थरथरल्या. याला गो-अराउंड म्हणतात, त्यात वावगं काही नसतं, पायलटने शहाणपणा केलेला असतो. स्वयंपाकघरातून आवाज आला, “काय झालं हो?”

“उतरलं नाही. वर गेलं परत.”

ती बाहेर आली, हात पिठाचे. काळ्या आकाशाकडे बघत म्हणाली, “किती माणसं असतील?”

“दीडशे, एकशेऐंशी.”

“लहान मुलं पण असतील.” थोड्या वेळाने, “जेवली असतील का?”

दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. पावसाचा जोर जरा कमी झाला आणि घाटकोपरच्या बाजूला एक दिवा धूसर दिसायला लागला. “तेच का?” तिने विचारलं. मी म्हटलं, “तेच असणार.” आतून तवा जळल्याचा वास आला.

“अगं, तवा,” मी म्हणालो.

“राहू दे,” ती म्हणाली.