चपलेचं चावणं

नवी कोल्हापुरी चप्पल पायात असताना माणसाने अध्यात्म वाचू नये. ते अंगठ्यापासून आपोआप वर चढतं. परवा मी ती घालून मुलुंड स्टेशनचा जिना चढलो. करकर ऐकून पुढचे चौघे वळून पाहू लागले. उतरताना माझं लंगडणं बघून दोघांनी चक्क वाट दिली. मुलुंडला गर्दीच्या वेळी कुणी वाट दिली म्हणजे दुखणं साधं नव्हे.

घरी सल्ल्यांना तोटा नव्हता. आई म्हणाली, "एरंडेल लावून रात्रभर ठेव." शेजारच्या नानांनी खुलासा केला, "चपलेला हो, पायाला नव्हे." ही म्हणाली, "चावणारच. कागदी पुठ्ठा आहे का तो?" तेही खरंच. बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं चामडं, खिळा न मारता चामड्याच्याच वादीने शिवलेलं. 2019 साली या चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, तेही महाराष्ट्र आणि कर्नाटकाला मिळून! सीमाभागावर ज्यांचं एकमत होत नाही त्यांना एकत्र आणणारी वस्तू माझ्यासारख्या कारकुनापुढे पहिल्याच दिवशी कशाला नमेल?

त्याच रविवारी न्यू जर्सीहून बहिणीचा फोन आला. भाची तिथे बर्फावर स्केटिंग करते. (आम्हां मुलुंडकरांचा बर्फाशी संबंध गोळ्यापुरता.) तिच्या बुटांना नवी पाती बसवली होती आणि पोरगी रडकुंडीला आली होती. पातं जेमतेम चार मिलिमीटर जाड, खाली मधोमध पन्हळ, म्हणून दोन्ही कडांना धार. धार गेली की घासून आणायची. दर घासणीला थोडं पोलाद जातं, आणि डोलखुर्चीच्या तळासारखा जो बाक असतो तोही हळूहळू बदलतो. इतका हळू, की मुलगी न कळत आपला तोल बदलत राहते. मग त्याच मापाची नवी पाती आली, की गिरकी घेताना धाडकन पडते.

"मामा, पातीच वाकडी आहेत," भाची म्हणाली. तिच्या कोचचं म्हणणं, पाती सरळ आहेत, सवय वाकडी होती.

दुसऱ्या दिवशी माझी जुनी चप्पल स्टेशनबाहेरच्या दुरुस्तीवाल्या काकांना दाखवली. त्यांनी ती उलटी केली. "साहेब, टाच बाहेरून गेलीय. तिरकं चालता तुम्ही." वीस वर्षं माझी समजूत, की निदान चालणं तरी आपलं सरळ आहे!

"आणि ही नवी चावायची कधी थांबेल? चामडं मऊ झाल्यावर?"

"चामडं थोडं मऊ होतं, पाय थोडा निबर होतो."

यातलं पाय निबर होणं काही डोक्यातून जाईना. कारण नोव्हेंबर चालू होता, आणि नोव्हेंबरात आमच्या काउंटरवर पेन्शनर मंडळी हयातीचा दाखला द्यायला येतात. समोर धडधाकट उभ्या असलेल्या माणसाकडे मी तो जिवंत असल्याचा पुरावा मागतो! 2014 पासून हे काम बोटांच्या ठशांवरही होतं. पण आयुष्यभर राबलेल्या बोटांच्या रेषा झिजतात. यंत्र त्यांना ओळखत नाही. खालच्या खणात कागदी फॉर्म असतो. तो काढायचा, भरून घ्यायचा. दहा मिनिटांचं काम. पण रांग मोठी असते, आणि "उद्या या, आजोबा," म्हणायला दोन सेकंद पुरतात.

पहिल्यांदा म्हणालो होतो तेव्हा रात्री झोप लागली नव्हती. ते आजोबा बोरिवलीहून आले होते. दादरला गाडी बदलून, हातात काठी. दुसऱ्या वर्षी झोप लागली. आता तर कुणाला म्हणालो तेही आठवत नाही. इतकी वर्षं मी याला अनुभव म्हणत होतो. बढतीच्या अर्जातसुद्धा तसंच लिहिलं होतं.

मंगळवारी असेच एक आजोबा आले. चार वेळा बोट टेकवलं, यंत्र ढिम्म. "उ" ओठांवर आला, तेवढ्यात टेबलाखाली चप्पल करकचून चावली. मी कळवळून खाली वाकलो, आणि वाकलोच होतो म्हणून खण उघडला. फॉर्म भरेपर्यंत रांगेतल्या तिघांनी माझा उद्धार केला. आजोबा मात्र सही करता करता खाली बघत म्हणाले, "कोल्हापुरी का? एरंडेल लावा हो, आठ दिवसांत बसेल."

एरंडेलाची बाटली हिने तेव्हापासून दारातच आणून ठेवली आहे. "अहो, लावत का नाही? रोज लंगडत येता."

म्हटलं, लावतो. एवढा नोव्हेंबर जाऊ दे.