वृद्धनिवास आणि मातीची वहिवाट

उतारवयात निसर्गाच्या सान्निध्यात घर असावे, ही इच्छा मुंबईच्या मध्यमवर्गात आज इतकी सार्वत्रिक झाली आहे की, तिचा विचार करण्याचे काम आपण जवळजवळ संपूर्णपणे जाहिरातदारांवर सोपवून मोकळे झालो आहोत. आणि त्यांनी तिचा अर्थ लावला तो असा, की शहरापासून दूर एखादी टेकडी गाठावी, तिच्या पायथ्याशी सदनिका उभाराव्यात आणि प्रत्येक सज्ज्यातून हिरवा देखावा दिसेल अशी तजवीज करावी. माथेरानच्या पायथ्याशी नेरळला ज्येष्ठांची वसाहत झाली, पुण्यात पाषाणला ‘अथश्री’ उभी राहिली. वृद्धांच्या निवासाला दानधर्माच्या कक्षेतून बाहेर काढल्याचे या उपक्रमांचे श्रेय निर्विवाद आहे. परंतु मुलुंडच्या माणसाने निसर्गासाठी मुलुंड का सोडावे, हे मात्र मला अद्याप कोणी पटवून दिलेले नाही.

मुलुंडच्या पश्चिमेस संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची हद्द डोंगरउतारावरून थेट वस्तीला येऊन भिडते. पूर्वेस मिठागरे आणि खारफुटी, व त्यांच्यापलीकडे ठाण्याची खाडी, जिला २०१५ साली रोहित पक्ष्यांचे अभयारण्य म्हणून आणि २०२२ साली रामसर पाणथळ म्हणून मान्यता मिळाली. या दोहोंच्या मधला पश्चिमेकडील गावठाणाबाहेरचा भाग १९२२च्या सुमारास जमीनदार झवेरभाई रामजी यांच्या पेढीसाठी क्राउन आणि कार्टर या वास्तुविशारदांनी आखून दिला, आणि पाच रस्त्यापासून स्टेशनापर्यंतच्या त्या सरळ, सपाट रस्त्यांचे खरे मोल सत्तरी ओलांडलेल्या गुडघ्यांनाच कळते. भाजी, औषधाचे दुकान, कालिदास नाट्यमंदिर आणि नावाने हाक मारणारी माणसे पायी गाठता येतात. टेकडीच्या पायथ्याच्या वसाहतीत झाडे असतात. पण चाळीस वर्षांची ओळख तेथे रोपवाटिकेतून आणता येत नाही.

आता देखाव्याविषयी. झाड नुसते दिसण्यानेही गुण येतो, हे नाकारण्याचे कारण नाही. रॉजर उलरिक यांनी १९८४ साली पेनसिल्व्हेनियातील एका इस्पितळाच्या दप्तरातून पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा ज्यांच्या खिडकीतून झाडे दिसत ते, विटांची भिंत पाहत पडलेल्यांपेक्षा लवकर घरी गेल्याचे आढळले. मात्र तो रुग्ण आठवड्या-दीड आठवड्याचा पाहुणा होता. वृद्धनिवासातील माणसाला तेथे आयुष्य काढायचे असते. त्याच्यासाठी अधिक उद्बोधक आहे तो एलन लँगर आणि ज्युडिथ रोडिन यांचा १९७६चा लहानसा प्रयोग. कनेक्टिकटमधील एका शुश्रूषागृहात एका मजल्यावरील वृद्धांना, आपल्या दिनक्रमाचे निर्णय आपणच घ्यावेत असे सांगून, एकेक रोप स्वतः सांभाळायला दिले. दुसऱ्या मजल्यावर रोप दिले, पण पाणी परिचारिका घालतील असे सांगितले. पहिल्या मजल्यावरची मंडळी अधिक तरतरीत आणि आनंदी दिसू लागली. रोप दोन्हीकडे होते. अखत्यार एकीकडेच होता.

मुलुंड पूर्वेच्या जुन्या तीनमजली इमारतींत हा अखत्यार कोणत्याही प्रयोगावाचून नांदत होता. खिडकीच्या जाळीत रंगाच्या रिकाम्या डब्यात लावलेला पानओवा, शेजारी कोरफड, कडेला तांदळाच्या धुवणाचे पातेले. आणि खालच्या मजल्यावर पाणी ठिबकते म्हणून दर महिन्याला होणारी तक्रार. पुनर्विकासानंतर त्या जागी वाहनतळाच्या छतावर कंत्राटदाराची हिरवळ आली, खिडकीत कुंडी ठेवू नये अशी सूचना फलकावर लागली, आणि आजी बाकावर बसून माळ्याचे काम पाहू लागल्या. निसर्ग वाढला, असे माहितीपत्रक म्हणते.

तेव्हा मुलुंडमध्ये वृद्धनिवास बांधायचा, तर प्रथम मातीच उचलून माणसाच्या हाताशी आणावी लागेल: कमरेइतक्या उंचीचे वाफे, चाकाची खुर्ची खाली सरकेल असे, आणि अर्धीच भरली तरी काम भागेल अशी लहान झारी. चार महिने कोसळणाऱ्या पावसात बाग बंद पडू नये म्हणून तिच्याभोवती रुंद, आच्छादित ओसरी हवी. दृष्टी मंदावलेल्यांसाठी फुलांच्या रंगापेक्षा वास महत्त्वाचा, म्हणून बकुळ, प्राजक्त आणि सोनचाफा. कारंजे मात्र नको, कारण या शहरात साचलेले पाणी म्हणजे डासांना आमंत्रण. डोंगराच्या बाजूस बिबट्याचीही दखल घ्यावी लागेल, आणि त्याचा बंदोबस्त भिंत उंच करण्यापेक्षा उष्टेखरकटे व त्यामागे येणारी कुत्री दूर ठेवण्यात अधिक आहे.

केंद्र सरकारने २०१९ साली निवृत्तिनिवासांसाठी आदर्श मार्गदर्शक तत्त्वे प्रसृत केली, त्यांत उतरण, आधाराचे कठडे, न घसरणारी फरशी यांचा विचार आहे आणि तो आवश्यकच आहे. व्यवस्थापकही याच सुरक्षिततेचा दाखला देऊन म्हणतील की, वृद्धाच्या हाती खुरपे दिले तर इजा होईल, चिखलात पाय सरकेल. ही भीती खोटी नाही. परंतु त्यावर उपाय म्हणून गुरुवारी सकाळी अर्ध्या तासाचे ‘उद्यान-सत्र’ भरवणे, ही मला वडीलधाऱ्यांची थट्टा वाटते. प्रवेशाच्या करारनाम्यात अनामत, मासिक आकार, परताव्याच्या अटी यांची कलमे असतातच. त्यांच्या जोडीला आणखी एक घालावे, की प्रत्येक रहिवाशाकडे ठरावीक मापाचा एक वाफा वहिवाटीस राहील, त्यात मेथी लावावी की मोगरा हे तोच ठरवील, आणि त्याच्या मनात आले तर तो वाफा वर्षभर पडीक ठेवण्याचीही त्याला मुभा राहील.