थांबायचं कधी, हे तू ठरव

मोहने,
२९ ऑगस्ट २०२५

प्रिय पोरी,

काल संध्याकाळी जिन्यात भेटलीस. एरवी त्या वेळी तुझ्या गुडघ्यांना माती असते, काल नव्हती. "आजी, मी खो-खो सोडला," एवढंच म्हणालीस आणि कुलूप उघडून आत गेलीस. तुझं दहावीचं वर्ष, क्लासची वेळ, तुझ्या आईची काळजी हे सगळं मला ठाऊक आहे, म्हणून काही बोलले नाही. रात्री मात्र झोप लागेना. आज राष्ट्रीय क्रीडा दिन. जिन्यात न बोललेलं आज लिहून काढते.

तुला कधी सांगितलं नाही, पण मीही खेळत होते. शाळेच्या मैदानावर फक्कीनं पाट्या आखायच्या, खांब रोवायचे आणि अंधार पडेपर्यंत पळायचं. खांबावर सूर मारताना कोपर सोलवटायचं. घरी आल्यावर आई बोलत बोलतच त्यावर हळद दाबायची. सोळावं संपलं आणि 'आता पुरे' असं घरात ठरलं. ते ठरत होतं तेव्हा मी त्या खोलीत चहा घेऊन गेले होते, तेवढीच. मला कुणी काही विचारलं नाही, आणि विचारायला हवं होतं हे मलाही तेव्हा कळलं नाही. पुढे लग्न होऊन इथं मोहन्यात आले. कारखान्याच्या भोंग्यावर डबे भरले, मुलं वाढवली. आयुष्य वाईट गेलं नाही. पण मी खेळ सोडला असं मी कधी म्हणत नाही. माझा खेळ थांबवला गेला. या दोन गोष्टींत फार अंतर आहे, पोरी, आणि हे सारं पत्र त्या अंतराबद्दल आहे.

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये पॅरिस ऑलिंपिक चालू होतं. त्यातला महिला हँडबॉलचा अंतिम सामना फ्रान्समधल्याच लील शहरात झाला. एका बाजूला सात जणी, चाळीस मीटर लांब आणि वीस मीटर रुंद मैदान, चेंडू हातानं जाळ्यात मारायचा. नॉर्वेनं यजमान फ्रान्सला २९-२१ असं हरवलं. नॉर्वेच्या कर्णधाराचं नाव स्टीने ब्रेडल ऑफ्टेडल. २०१९ साली जगातली सर्वोत्तम खेळाडू म्हणून तिची निवड झाली होती. ऑलिंपिकनंतर आपण थांबणार, हे तिनं आधीच जाहीर केलं होतं आणि तसंच केलं. गळ्यात सुवर्णपदक घालून, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी. अजून खेळू शकली असती, तरी थांबली. थांबण्याचा दिवस तिनं स्वतः निवडला. तिच्या साऱ्या पदकांपेक्षा मला याच गोष्टीचा हेवा वाटला.

आता आपल्याकडची गोष्ट. सारिका काळे हे नाव तू ऐकलंच असशील. उस्मानाबादची, म्हणजे आताच्या धाराशिवची. तेरा वर्षांची असताना घरातल्या वडीलधाऱ्यांनी तिला खो-खोच्या मैदानावर नेलं आणि ती तिथलीच झाली. आई शिवणकाम आणि घरकाम करायची. शारीरिक अडचणींमुळे वडिलांच्या हातून फारशी कमाई होत नव्हती. सगळं घर आजी-आजोबांच्या मिळकतीवर चाललेलं. जवळजवळ दहा वर्षं आपण दिवसातून एकदाच जेवत होतो, असं तिनं स्वतः सांगितलं आहे. अंगाला लागेल असं चांगलंचुंगलं मिळायचं ते शिबिराला किंवा स्पर्धेला गेलं तरच. तुला मी वेगळं काय सांगू? नऊ मिनिटांच्या पाळीत पळणारीचा जीव कसा मेटाकुटीला येतो, हे तुझे पाय जाणतात. ते पळणं एका वेळच्या जेवणावर करून बघ, म्हणजे सारिका काय होती ते कळेल.

फेब्रुवारी २०१६ मध्ये गुवाहाटीला दक्षिण आशियाई स्पर्धा झाल्या. भारताच्या महिला खो-खो संघाची कर्णधार सारिका होती आणि त्या संघानं सुवर्णपदक जिंकलं. त्याच वर्षी तिनं खेळ सोडायचं ठरवलं. कारण पैसा. मिळेल ती नोकरी धरायला ती तयार होती. देशाची कर्णधार, आणि स्वतःला खोलीत कोंडून बसलेली. हे तिचे प्रशिक्षक चंद्रजित जाधव यांना कळलं ते तिच्या आजीकडून.

तिच्याबद्दल वाचताना मी इथं थांबले. ज्या आजी-आजोबांच्या मिळकतीवर घर चालत होतं, त्यांतली ही आजी. 'मिळेल ती नोकरी धर, चार पैसे घरात येऊ देत' असं ती म्हणाली असती तर तिला कोण दोष देणार होतं? पण तिनं प्रशिक्षकांच्या कानावर घातलं. आपल्या खेळात पाठीमागून खो मिळाल्याशिवाय उठता येत नाही. सारिकाला तो खो तिच्या आजीनं दिला, असं मी मानते. जाधव सरांनी तिची समजूत काढली आणि ती मैदानावर परतली.

पुढे तिला सरकारी नोकरी मिळाली. तुळजापूरला ती क्रीडा अधिकारी झाली आणि घराला आधार आला. २०२० साली तिला अर्जुन पुरस्कार जाहीर झाला. करोनामुळे त्या वर्षी राष्ट्रपतींच्या हस्ते होणारा सोहळा पहिल्यांदाच पडद्यावरून झाला, तारीख आजचीच, २९ ऑगस्ट. खो-खोला हा पुरस्कार तब्बल बावीस वर्षांनी मिळाला होता. ज्या खेळाचे नियम १९१४ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानं बांधले, जो महाराष्ट्रातल्या शाळाशाळांत खेळला जातो, त्यातल्या खेळाडूंनी जवळजवळ दोन तपं वाट पाहिली. त्या वेळी सारिका जे बोलली ते माझ्या मनात घर करून आहे. खेड्यातल्या खेळाडूनं केवढीही मोठी कामगिरी केली तरी ती आजूबाजूच्या लोकांना कळत नाही, अशा अर्थाचं ते बोलणं होतं. मोहन्यातही तसंच आहे, नाही का? तुझ्या शाळेनं जिल्ह्यात बाजी मारली तेव्हा आपल्या इमारतीत किती जणांना माहीत होतं? मला स्वतःला आठ दिवसांनी कळलं. ती चूक माझी.

ऑफ्टेडल आणि सारिका, दोघी कर्णधार, दोघींच्या गळ्यात सुवर्ण. एकीला कधी थांबायचं ते ठरवता आलं. दुसरीवर ऐन भरात थांबायची पाळी आली, ती तिचे पाय थकले म्हणून नव्हे, घरात धान्य नव्हतं म्हणून. गुणांत फरक नव्हता. फरक पाठीशी काय होतं यात होता. दोन वेळचं जेवण, खेळून झाल्यावर हाताला काम, आणि दार वाजवायला कुणीतरी. एवढं असलं तर मुलगी आपल्या मनानं खेळते आणि आपल्या मनानं थांबते. यातली शेवटची गोष्ट द्यायला पैसे लागत नाहीत. म्हणून मी हे पत्र तुझ्या दारातून आत सरकवते आहे.

तू सारिका होशील असं मी म्हणत नाही. मैदानावर घाम गाळणाऱ्या शंभरांतल्या नव्व्याण्णव जणींचं नाव कुठेच छापून येत नाही. पण दार पूर्वीपेक्षा थोडं अधिक उघडलं आहे, हेही खरं. याच जानेवारीत दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. आपल्या मुलींनी अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० असं नमवलं, आणि कर्णधार होती आपल्या महाराष्ट्राची प्रियांका इंगळे. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव आहेत. दहावीला खेळाचे वाढीव गुणही मिळतात. तुझ्या आईला हे सांगायला हवं, आणि ते मी सांगेन. पण गुणांसाठी खेळ, असं मी तुला सांगणार नाही. गेल्या पावसाळ्यात चिखलातून घसरत तू खांब गाठलास आणि उठून हसलीस, ते हसू कुठल्या गुणपत्रिकेत मावायचं नाही.

तेव्हा एवढंच कर. क्लास सोडू नकोस, अभ्यासात कसूर करू नकोस. आठवड्यातले तीन दिवस मैदानाला दे आणि दहावीची परीक्षा होऊ दे. मग एक दिवस मैदानावर जा, बूट घाल, दोन पाळ्या खेळ, आणि तिथं उभी राहून स्वतःला विचार की मला हे अजून हवं आहे का. उत्तर 'नको' आलं तर सोड, मी तुला शाबासकीच देईन. पण ते उत्तर तुझं असू दे. बंद खोलीत बसून, दुसऱ्यांच्या काळजीपोटी असला निर्णय घेऊ नकोस. माझ्या वेळी मला कुणी विचारलं नव्हतं. तुला मी विचारते आहे.

उद्या साडेपाचला मी जिन्यात उभी असेन. बूट घालून ये.

तुझी,
वरच्या मजल्यावरची आजी